राणीछाप: ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सत्ताधारी स्त्रियांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला चौरंगावर पाच राणीछाप रुपये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेली जुनी नाणी, मांडतात. शाळेत इतिहास शिकवायला लागलो तेव्हा त्यातले दोन रुपये खिशात घालून वर्गात न्यायचो आणि मुलांच्या हातात द्यायचो. मग प्रश्न सुरू व्हायचे. पुढे तेच प्रश्न नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि व्हॉट्सॲपवरच्या मंडळींनीही विचारले. त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा: नाण्यावर छाप असणं वेगळं आणि हुकूम चालणं वेगळं. पुढची बरीचशी उत्तरं या फरकावरच उभी आहेत.

राणी म्हणजे राजाची बायको की स्वतः राज्य करणारी?

मराठीत दोघींनाही आपण राणीच म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कॅमिला राणी आहे ती राजा चार्ल्सची पत्नी म्हणून. दुसरी एलिझाबेथ राणी होती ती वारसाहक्काने. गादी तिची स्वतःची होती. म्हणूनच तिचा नवरा फिलिप कधी राजा झाला नाही, शेवटपर्यंत ड्यूक ऑफ एडिंबराच राहिला. राजाची बायको आपोआप राणी होते, पण राणीचा नवरा आपोआप राजा होत नाही. 'राजा' हा शब्द 'राणी'पेक्षा वरचढ मानला जातो, म्हणून ही काळजी घेतात. या पानावर राणी म्हटलं की राज्यकर्ती राणी समजा.

इंग्लंडची पहिली राज्यकर्ती राणी कोण?

परीक्षेत विचारलं तर पहिली मेरी, १५५३. पण तिच्या चारशे वर्षं आधी मटिल्डा नावाची एक बाई गादीच्या अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचली होती. तिच्या बापाने, राजा पहिल्या हेन्रीने, सरदारांकडून शपथ घेतली होती, की माझ्यामागे माझ्या लेकीला मानाल. ११३५ मध्ये हेन्री वारला, सरदार शपथ विसरले आणि चुलत-आतेभावंडांच्या गोतावळ्यातला स्टीफन राजा झाला. मटिल्डाने युद्ध मांडलं. ११४१ मध्ये स्टीफन तिच्या कैदेत पडला आणि ती राज्याभिषेकासाठी लंडनला आली. पण राज्याभिषेक व्हायच्या आतच लंडनकरांनी उठाव करून तिला पिटाळून लावलं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात ती ऑक्सफर्डच्या किल्ल्यात वेढ्यात सापडली. बाहेर बर्फ पडलेलं, नदी गोठलेली. पांढरे कपडे घालून मोजक्या माणसांसह ती रात्री बर्फातून चालत निसटली. गादी तिला मिळाली नाही, पण ११५४ मध्ये तिचा मुलगा दुसरा हेन्री म्हणून राजा झाला.

जेन ग्रे मोजायची की नाही?

लोक मोजतात, पण मला त्यात अर्थ वाटत नाही. जुलै १५५३ मध्ये सासऱ्याने आणि दरबारातल्या मंडळींनी सोळा-सतरा वर्षांच्या या मुलीला गादीवर बसवलं. नऊ दिवसांत लोक आणि सरदार मेरीकडे गेले. फेब्रुवारी १५५४ मध्ये जेनचं डोकं उडवलं. तिच्या नावाने हुकूम निघाले, पण ते काढणारे दुसरेच होते.

मग पहिल्या मेरीला एवढं महत्त्व का?

तिच्या कारकिर्दीत एक अवघड प्रश्न सुटला. इंग्लंडचे सगळे कायदे 'राजा' या शब्दाने लिहिलेले. मग ते राणीला लागू होतात का? होत नसतील तर राणीला अधिकार कमी की, उलट, राजावर घातलेली बंधनं तिच्यावर नसल्यामुळे जास्त? दोन्ही अर्थ धोक्याचे होते. १५५४ मध्ये संसदेने कायदाच केला, की राजसत्ता पुरुषाच्या हाती असो वा स्त्रीच्या, ती पूर्ण आणि एकसारखीच. पुढच्या सगळ्या राण्यांचा पाया हा.

त्याच वर्षी मेरीने स्पेनच्या फिलिपशी लग्न केलं. त्यासाठी झालेल्या करारात फिलिपचे हात बांधून ठेवलेले होते, तरीही त्याच्या युद्धात इंग्लंड ओढलं गेलं आणि जानेवारी १५५८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं कॅले हातचं गेलं. तिच्या काळात सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळलं गेलं. तिच्या नावामागे 'ब्लडी' लागलं ते त्यामुळे. तिच्या बापानेही, आठव्या हेन्रीनेही, माणसं कमी मारली नव्हती, पण त्याला असं टोपणनाव चिकटलं नाही.

स्कॉटलंडची मेरी हीच का?

नाही. दरवर्षी निम्मा वर्ग इथे घसरायचा. स्कॉटलंडची मेरी ही वेगळी. ती जन्मल्यावर सहाव्या दिवशी राणी झाली, कारण बाप वारला. फ्रान्समध्ये वाढली, १५६१ मध्ये विधवा होऊन परत आली, आणखी दोन लग्नं केली. १५६७ मध्ये तिला गादी सोडायला लावली. ती पळून इंग्लंडला आली ती पहिल्या एलिझाबेथच्या आसऱ्याला. झालं उलटंच, साडेअठरा वर्षं नजरकैद. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगेच्या किल्ल्यात तिचा शिरच्छेद झाला. त्या हुकमावर सही एलिझाबेथची. सही केल्यावर एलिझाबेथ म्हणू लागली, की हुकूम बजावा असं मी सांगितलंच नव्हतं, आणि तिने आपल्या सचिवाला तुरुंगात टाकलं. त्या काळातही सही साहेबांची आणि गळा कारकुनाचा!

१६०३ मध्ये एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि तिची गादी मिळाली ती याच मेरीच्या मुलाला, जेम्सला.

पहिल्या एलिझाबेथने लग्न का केलं नाही?

प्रेमभंगाच्या कथा पुष्कळ सांगतात. मला राजकारणाचं कारण पुरेसं वाटतं. बहिणीचं, म्हणजे पहिल्या मेरीचं, उदाहरण डोळ्यांसमोर होतं: परदेशी राजा केला तर त्याच्या लढाया आपल्या गळ्यात, देशातला सरदार केला तर बाकीचे सरदार पेटून उठणार. त्यामुळे तिने लग्नाची बोलणी हेच हत्यार केलं. फ्रान्सला झुलवलं, स्पेनला झुलवलं, ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला झुलवलं, आणि हे जवळपास पंचवीस वर्षं चालवलं. मुलगी बघायला आलेली मंडळी चहा-पोहे खाऊन परत जावीत आणि तरी आशेवर राहावीत, असा प्रकार.

१५८८ च्या स्पेनबरोबरच्या आरमारी युद्धात टिलबरीला सैनिकांपुढे केलेलं तिचं भाषण प्रसिद्ध आहे: शरीर दुबळ्या बाईचं, पण काळीज राजाचं, या अर्थाचं. ते छापून आलं मात्र सहा-सात दशकांनी. आपल्या दृष्टीने तिची महत्त्वाची सही वेगळीच. ३१ डिसेंबर १६०० रोजी तिने लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळीला पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. ती मंडळी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. त्या दिवशी दिल्लीला अकबराची सत्ता होती आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून तीस वर्षं होती.

राणी ॲनबद्दल कोणी काही बोलत का नाही?

कारण तिच्यावर सिनेमे कमी निघाले. १७०२ ते १७१४ अशी बारा वर्षं तिने राज्य केलं. तिच्या कारकिर्दीत १ मे १७०७ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड एक होऊन ग्रेट ब्रिटन झालं. सतरा वेळा गरोदर राहिली; त्यातला एकच मुलगा बाळपण ओलांडून पुढे गेला आणि तोही अकराव्या वर्षी वारला. राज्याभिषेकाला तिला गाउटमुळे खुर्चीत बसवून न्यावं लागलं होतं.

आणि एक शेवटची गोष्ट तिच्या नावावर आहे. मार्च १७०८ मध्ये स्कॉटलंडच्या नागरी सेनेच्या विधेयकाला तिने संमती नाकारली, मंत्र्यांच्याच सल्ल्याने. त्यानंतर आजतागायत एकाही ब्रिटिश राजाने किंवा राणीने संसदेने मंजूर केलेलं विधेयक अडवलेलं नाही. यापुढच्या राण्यांची छाप मोठी होत गेली आणि हुकूम आक्रसत गेला.

व्हिक्टोरिया खरंच भारतावर राज्य करत होती का?

आता ते दोन रुपये हातात घ्या. पहिला १८४० चा. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया, डोक्यावर मुकुट नाही, केस फितीने बांधलेले, भोवती 'व्हिक्टोरिया क्वीन'. उलटा करा: 'ईस्ट इंडिया कंपनी', 'वन रुपी', आणि फारसी लिपीत 'यक रुपिया'. म्हणजे चेहरा राणीचा आणि दुकान कंपनीचं. दुसरा १८६२ चा. राणी मुकुट घालून, भरजरी पोशाखात; मागे कंपनी गायब, तिथे 'इंडिया'. मधल्या काळात १८५७ होऊन गेलं होतं. १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादला लॉर्ड कॅनिंगने राणीचा जाहीरनामा वाचला आणि कंपनीचा कारभार संपला. पुढे १८७७ पासूनच्या रुपयावर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलं. तीन नाण्यांत अख्खा धडा.

पण राज्य चालवत होते लंडनमधले भारतमंत्री आणि इथले व्हाइसरॉय. राणी पत्रं लिहायची, मतं मांडायची, नेमणुकांवर कुरकुरायची. १८५८ च्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा तिला कोरडा वाटला आणि धर्मात ढवळाढवळ करणार नाही याबद्दलची भाषा तिने मऊ करून घेतली. एवढा तिचा वाटा खराच. सम्राज्ञी हा किताब तिला हवाच होता. पंतप्रधान डिझरायलीने तो १८७६ मध्ये संसदेतून मिळवून दिला.

१ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबार भरला तेव्हा मुंबई आणि मद्रास इलाख्यात दुष्काळाने माणसं मरत होती. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातमागाच्या खादीच्या कपड्यांत जाऊन बसले होते. जरीच्या आणि हिऱ्यांच्या त्या गर्दीत खादीचा अंगरखा कसा दिसला असेल!

ती भारतात कधी आली का?

कधीच नाही. १८८७ मध्ये आग्र्याचा अब्दुल करीम तिच्या सेवेत गेला, तिचा मुन्शी झाला आणि तिला हिंदुस्तानी शिकवू लागला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिने गिरवायला सुरुवात केली. ती गेल्यावर मुलाने, सातव्या एडवर्डने, मुन्शीजवळची पत्रं जाळायला लावून त्याला परत पाठवलं.

आपल्या लोकांनी तिच्याकडे कसं पाहिलं?

दोन टोकांनी. एकीकडे राणीचा बाग, व्हिक्टोरिया टर्मिनस, घोड्याची व्हिक्टोरिया. 'राणीच्या राज्यात' न्याय होता असं म्हणणारे म्हातारे माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत होते. दुसरीकडे दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या तिच्या पुतळ्याला डांबर फासलं. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली तेव्हा तो सरकारी बंगल्यावरून परतत होता; तिथे व्हिक्टोरियाच्या राज्याच्या साठ वर्षांचा उत्सव होता. प्लेगच्या काळात गोऱ्या शिपायांनी घराघरात घुसून केलेल्या जुलमाचा तो हिशेब होता. उत्सवाची रात्र चापेकर बंधूंनी मुद्दामच निवडली होती.

रखमाबाईंचं लग्न व्हिक्टोरिया राणीने मोडलं, हे खरं का?

नाही. हा निरोप वर्षातून दोनदा तरी मला कोणीतरी पाठवतं. खटला असा: लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींकडे नांदायला जायला नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद पत्करते. देशभर आणि इंग्लंडातही गदारोळ झाला. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २००० रुपये घेऊन हक्क सोडला. प्रकरण मिटलं ते पैशावर, राजाज्ञेवर नव्हे. मग रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं. एवढं धैर्य एका बाईने दाखवलं आणि श्रेय मात्र आपण दुसऱ्याच बाईच्या पदरात टाकतो, याचा मला राग येतो.

राणी स्त्री होती, मग बायकांना मतदानाचा हक्क का नव्हता?

राणीलाच तो नको होता. स्त्रियांच्या हक्कांची चळवळ तिला वेडगळ आणि पापी वाटायची. १८७० च्या एका पत्रात तिने तसं लिहूनही ठेवलं आहे. तिच्याच साम्राज्यातल्या न्यूझीलंडने मात्र १८९३ मध्ये तिच्या नावानेच बायकांना मताधिकार दिला. स्वशासित देशांत तो पहिला. ब्रिटनमध्ये १९१८ मध्ये तिशीच्या पुढच्या आणि काही अटींत बसणाऱ्या बायकांना मत मिळालं, पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये.

ब्रिटिश संसदेत निवडून आलेली पहिली स्त्री कॉन्स्टन्स मार्किएव्हिच, डिसेंबर १९१८. ती आयरिश क्रांतिकारक होती, निवडून आली तेव्हा तुरुंगात होती, आणि राजनिष्ठेची शपथ घेणार नाही म्हणून तिने जागा घेतलीच नाही. प्रत्यक्ष बाकावर बसलेली पहिली नॅन्सी अ‍ॅस्टर, १९१९. ती जन्माने अमेरिकन!

ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानात स्त्रिया राज्य करू शकत होत्या का?

इंग्रजांच्या सोयीचं असेल तर. भोपाळ पाहा. १८१९ ते १९२६ अशी शंभराहून जास्त वर्षांत तिथे चार बेगमा झाल्या: कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ. सिकंदर बेगम आधी मुलीच्या वतीने कारभार पाहायची. आपल्याला स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती म्हणून मान्यता हवी, यासाठी ती भांडली आणि १८६० मध्ये तिला ती मिळाली. लंडनला बाई राज्य करते तर भोपाळला का नको, याला इंग्रजांपाशी उत्तर नव्हतं. अर्थात १८५७ मध्ये ती कंपनीच्या बाजूने राहिली होती, तेही कारण होतंच. सुलतान जहाँ बेगम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली आणि १९२६ मध्ये मुलाला गादी देऊन बाजूला झाली.

आता झाशी पाहा. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी दत्तक घेतलेला मुलगा होता, कारभार पाहू शकणारी लक्ष्मीबाई होती. तिने अर्ज केले, जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून सल्ला घेतला. डलहौसीने १८५४ मध्ये संस्थान खालसा केलं आणि महिना ५००० रुपये पेन्शन देऊ केली. एकाच सरकारच्या दप्तरात हे दोन्ही निर्णय आहेत. बाई राज्य करू शकते की नाही, हा प्रश्न तिथे कधी नव्हताच. खजिना आणि मुलूख कोणाला हवा, हा होता.

जगातली पहिली महिला पंतप्रधान ब्रिटनची का?

नाही, शेजारच्या सिलोनची. सिरिमावो बंदरनायके, २१ जुलै १९६०. नवरा सॉलोमन बंदरनायके पंतप्रधान असताना सप्टेंबर १९५९ मध्ये त्याचा खून झाला. पक्ष सैरभैर झाला आणि विधवेला पुढे आणलं. तेव्हा त्यांना 'रडणारी विधवा' म्हणून हिणवलं गेलं. पण एकदा खुर्चीत बसल्यावर बाईंनी हातात आलेली सत्ता पुरेपूर वापरली. परदेशी तेल कंपन्यांचा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला, खासगी शाळा ताब्यात घेतल्या, आणि सिंहलीला एकमेव राजभाषा करण्याचं धोरण असं रेटलं की तमिळांच्या मनात पडलेली भेग पुढे मिटलीच नाही. १९६४ मध्ये शास्त्रीजींबरोबर भारतीय वंशाच्या तमिळ मळेकामगारांच्या नागरिकत्वाचा करार केला. त्यात कामगारांना विचारलं कोणी नाही, दोन्हीकडच्या सरकारांनी माणसं वाटून घेतली.

गंमत अशी, की १९६० मध्ये सिलोनची राणी होती दुसरी एलिझाबेथ. राष्ट्रप्रमुख बाई आणि सरकारप्रमुखही बाई. १९७२ मध्ये याच सिरिमावोंनी देश प्रजासत्ताक केला, नाव श्रीलंका केलं आणि एलिझाबेथची गादी तिथे संपवली. १९८० मध्ये विरोधी सरकारने त्यांचे नागरी हक्क काढून घेतले, सहा वर्षांनी परत दिले. १९९४ मध्ये मुलगी चंद्रिका राष्ट्राध्यक्ष झाली आणि आई तिच्या हाताखाली तिसऱ्यांदा पंतप्रधान. १० ऑक्टोबर २००० रोजी, निवडणुकीच्या दिवशी, मत देऊन घरी परतताना वाटेत त्यांचं निधन झालं.

भारत प्रजासत्ताक आहे, मग राष्ट्रकुलात राणीचा संबंध कुठून येतो?

एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यातून. भारताला राजा नको होता, पण ब्रिटन आणि त्याच्या जुन्या वसाहतींची ही संघटना सोडायची नव्हती. मग तोडगा निघाला: ब्रिटनचा राजा हा स्वतंत्र राष्ट्रांच्या संघटनेचं प्रतीक आणि राष्ट्रकुलाचा प्रमुख, भारताचा राजा नव्हे. पुढे आलेल्या सगळ्या प्रजासत्ताकांची सोय या एका वाक्याने झाली. हे प्रमुखपद वंशपरंपरेने मिळत नाही. चार्ल्सच्या नावावर २०१८ मध्ये सदस्य देशांनी शिक्कामोर्तब केलं म्हणून ते त्याच्याकडे आलं. आज ५६ सदस्य देशांपैकी ब्रिटन धरून १५ देशांचाच तो राजा आहे.

नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीला राष्ट्रकुल परिषद भरली तेव्हा यजमान इंदिरा गांधी, ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर, आणि प्रमुख म्हणून राणी एलिझाबेथ हजर. तिघींपैकी हुकूम दोघींचा चालायचा आणि उठून उभे मात्र सगळे तिसरीसाठी राहायचे. त्याच मुक्कामात राणीने मदर तेरेसांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिलं. वर्षभरात इंदिराजींची हत्या झाली. ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्राइटनच्या हॉटेलातल्या बॉम्बस्फोटातून थॅचर नुकत्याच वाचल्या होत्या. तीन आठवड्यांत त्या दिल्लीला अंत्यदर्शनाला आल्या.

पाकिस्तान १९७२ मध्ये रागावून राष्ट्रकुलातून बाहेर पडला होता, तेव्हा सत्तेवर झुल्फिकार अली भुट्टो होते. १९८९ मध्ये तो परत आला, तेव्हा पंतप्रधान त्यांची मुलगी बेनझीर होती.

राष्ट्रकुलात एलिझाबेथशिवाय दुसरी राणी होती का?

होती, टोंगाची राणी सालोटे. दक्षिण प्रशांतातलं हे छोटं बेटांचं राज्य ब्रिटनच्या संरक्षणाखाली होतं आणि १९१८ ते १९६५ सालोटे तिथे राज्य करत होती. २ जून १९५३ ला एलिझाबेथच्या राज्याभिषेकाला लंडनमध्ये धो धो पाऊस. पाहुण्यांच्या बग्ग्यांवर टप चढले. सालोटे मात्र उघड्या बग्गीत भिजत, हसत, लोकांना हात करत गेली. मान देण्याची ही टोंगाची रीत. त्या दिवशी लंडनकरांनी तिला डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या एलिझाबेथला सत्ता होती तरी किती?

कागदावर अफाट, व्यवहारात जवळपास शून्य. सल्ला विचारला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि इशारा देण्याचा, एवढेच तीन हक्क राजाला उरतात, असं वॉल्टर बॅजेट या लेखकाने व्हिक्टोरियाच्याच काळात मांडलं होतं. एलिझाबेथ आठवड्यातून एकदा पंतप्रधानाला भेटायची. भेटीची नोंद होत नसे. चर्चिलपासून लिझ ट्रसपर्यंत पंधरा ब्रिटिश पंतप्रधान तिने पाहिले. ६ सप्टेंबर २०२२ ला बाल्मोरलमध्ये काठी टेकत तिने ट्रसची नेमणूक केली. ८ सप्टेंबरला ती गेली. सत्तर वर्षं आणि सात महिने.

बाकी 'शून्य' म्हणताना ऑस्ट्रेलिया विसरू नका. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी तिच्या प्रतिनिधीने, गव्हर्नर जनरल जॉन कर याने, निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांना बडतर्फ केलं. राणीला आधी कळवलं नव्हतं. हुकूम तिने दिला नाही, पण तिच्या नावाने दिला गेला.

थॅचर यांनी स्त्रियांसाठी काय केलं?

फारसं नाही आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. ग्रँथमच्या वाणसामानाच्या दुकानदाराची मुलगी, शिकून रसायनतज्ज्ञ, मग वकील. १९७९, १९८३, १९८७ अशा तीन निवडणुका जिंकल्या. 'पोलादी स्त्री' हे नाव त्यांना १९७६ मध्ये सोव्हिएत लष्कराच्या वृत्तपत्राने टिंगल म्हणून दिलं. बाईंनी ते दागिन्यासारखं मिरवलं. साडेअकरा वर्षांत त्यांच्या मंत्रिमंडळात दुसरी स्त्री आली ती एकच, जॅनेट यंग, आणि तीही दोनेक वर्षं. १९९० मध्ये पोल टॅक्सवरून, म्हणजे माणशी लावलेल्या करावरून, देश पेटला आणि पाडलं ते स्वपक्षीयांनीच.

बायकांना पंतप्रधानपद पक्ष बुडायला लागल्यावरच मिळतं का?

नेहमी नाही, पण उदाहरणं पुरेशी आहेत. कॅनडाच्या किम कॅम्पबेल जून १९९३ मध्ये आल्या. ऑक्टोबरच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष दीडशेहून अधिक जागांवरून थेट २ वर आला. ब्रिटनच्या थेरेसा मे यांच्या गळ्यात ब्रेक्झिट, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचं काम, पडलं. लिझ ट्रस सात आठवडे टिकल्या, पण त्यांच्या बाबतीत जहाजाला भोक त्यांनी स्वतःच पाडलं. उलट बाजूला डॉमिनिकाच्या युजिनिया चार्ल्स सलग पंधरा वर्षं, न्यूझीलंडच्या हेलन क्लार्क नऊ वर्षं. बार्बाडोसच्या मिया मॉटली यांनी २०१८ मध्ये संसदेच्या ३० पैकी ३० जागा जिंकल्या, २०२२ मध्ये पुन्हा ३०. मधल्या काळात, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांनी देश प्रजासत्ताक केला. एलिझाबेथच्या जागी राष्ट्राध्यक्ष झाल्या सँड्रा मेसन, ज्या आदल्या दिवसापर्यंत एलिझाबेथच्याच गव्हर्नर जनरल होत्या.

पदावर असताना बाळंत झालेली पंतप्रधान?

दोघी. बेनझीर भुट्टो, जानेवारी १९९०, आणि जॅसिंडा आर्डर्न, २१ जून २०१८. बेनझीरचा वाढदिवस २१ जूनच. बेनझीरने बातमी लपवून ठेवली होती, कारण विरोधक टपलेले होते. आर्डर्नने सहा आठवड्यांची रजा टाकली.

भाऊ असला तर मोठी बहीण राणी होऊ शकते का?

आता हो. २०११ मध्ये पर्थच्या बैठकीत एलिझाबेथच्या गादीखालच्या सोळाही देशांनी ठरवलं आणि २०१५ पासून कायदा लागू झाला. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांत धाकटा भाऊ मोठ्या बहिणीला मागे टाकत नाही. राजा चार्ल्सची नात शार्लट त्यामुळेच धाकटा भाऊ लुईच्या पुढे आहे. पण तिच्याही आधी वडील विल्यम आणि थोरला भाऊ जॉर्ज आहेत, त्यामुळे राणीछाप नाणं इतक्यात निघत नाही.

यात मराठी बाई कुठे?

विजयालक्ष्मी पंडित कोकणातल्या पंडित घराण्याच्या सून. १९५४ ते १९६१ लंडनमध्ये भारताच्या उच्चायुक्त आणि १९६२ पासून दोनेक वर्षं महाराष्ट्राच्या राज्यपाल. आणि जळगावच्या प्रतिभाताई पाटील. राष्ट्रपती म्हणून ऑक्टोबर २००९ मध्ये त्या विंडसरला राणीच्या पाहुण्या होत्या. २९ ऑक्टोबरला बकिंगहॅम राजवाड्यासमोर एलिझाबेथने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेचा बॅटन त्यांच्या हातात दिला. डोक्यावर पदर घेतलेली एक राष्ट्रप्रमुख, हॅट घातलेली दुसरी. दोघींच्या सहीने कायदे होत, दोघींनाही ते करता येत नसत.

घरात राणीछाप रुपया आहे, खरा कसा ओळखायचा?

वजन करा: बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. कडेला बारीक, एकसारख्या खाचा हव्यात. चुंबक लागता कामा नये. १८६२ साल असलेले रुपये खूप सापडतात याचं आश्चर्य वाटू देऊ नका. पुढची बरीच वर्षं टांकसाळीने तेच साल ठेवून नाणी पाडली आणि फरक दाखवायला नुसते ठिपके दिले. आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी रांगोळीने घासू नका. आमच्या आजीने चाळीस वर्षं घासले. आमच्याकडच्या एका रुपयावर राणीचं नाक राहिलेलं नाही.